फुफ्फुसातले झोपलेले डोळे

द्राक्षबागेत ऑक्टोबरची छाटणी चालू होती. मामा बागेच्या कडेला खाटेवर बसून मजुरांवर लक्ष ठेवत होते (स्वतः कात्री धरत नाहीत आता, दहा काड्या छाटल्या की धाप लागते) आणि मधेच मला म्हणाले, "काय गं, वेल एवढा बोडका केला तरी दहा-पंधरा दिवसांत फुटतो, मग माणसाच्या फुफ्फुसालाच काय धाड भरलीये?"

मी म्हटलं, "फुटतं की मामा. तुमचंही फुटतंय, आत्ता बोलता बोलता."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. तीस वर्षं बिडी ओढलेला माणूस, सहा वर्षांपूर्वी सोडली, सीओपीडीचं (नळ्या आकसून कायमची धाप लागण्याचा आजार) निदान झालेलं, सीटीत एम्फिसीमा (फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटणं) दिसलेला, निफाडची थंडी पडली की रात्र रात्र बसून काढायची, आणि भाची म्हणते फुफ्फुस फुटतंय. मग त्यांनी मोबाईल काढून एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी क्लिनिकचा, पांढऱ्या कोटातला माणूस, मागे निळं ॲनिमेशन, आणि मजकूर असा की स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, फुफ्फुस नव्यासारखं होईल. खर्च साडेतीन लाख. मामांनी हिशोब पण करून ठेवला होता, यंदा माल एक्स्पोर्टला गेला तर जमेल म्हणे.

तर हा लेख त्या साडेतीन लाखांमुळे लिहितेय. मी डॉक्टर नाही, नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे ऑपरेशनमधून किंवा बायॉप्सीतून आलेले तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवणं, मेणाचे ब्लॉक करणं, मायक्रोटोमवर पातळ काप काढून स्लाइड रंगवणं हे माझं रोजचं काम. निदान सर करतात, पण स्लाइड बरोबर झालीये का हे बघताना माझा डोळा रोज मायक्रोस्कोपला असतो आणि इतक्या वर्षांत ह्या पेशींची चांगलीच ओळख झालीये.

फुफ्फुसाचा तुकडा आमच्याकडे आला की कोणालाही न सांगता कळतं, कारण तो तरंगतो. लिव्हर बुडतं, किडनी बुडते, गर्भाशय बुडतं, आणि हा एक असा हलका की फॉर्मॅलिनवर तरंगत राहतो, मग त्याच्यावर गॉज टाकून त्याला दाबून ठेवावं लागतं, नाहीतर वरची बाजू नीट पक्की होत नाही. आत सगळी हवा ना. स्लाइडवर बघाल तर फुफ्फुस म्हणजे बहुतेक रिकामी जागा आणि मधे मधे गुलाबी धागे, मासे पकडायचं जाळं टाकल्यासारखं. एकेक छिद्र म्हणजे एक वायुकोश, जेमतेम पाव मिलिमीटरचा. दोन्ही फुफ्फुसांत मिळून असे सरासरी ४८ कोटी. ते सगळे उलगडून पसरले तर किमान ७० चौरस मीटर जागा होते, म्हणजे साडेसातशे स्क्वेअर फूट, इंदिरानगरला एवढ्यात टू बीएचके बसतो. आणि त्या फ्लॅटच्या भिंती किती जाड, तर हवा आणि रक्त ह्यांच्या मधला पडदा बऱ्याच ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याहून पातळ.

आता ह्या असल्या नाजूक पडद्यावर आपण दिवसाला काय सोडतो? मिनिटाला चौदा-पंधरा श्वास, प्रत्येकात अर्धा लिटर हवा, म्हणजे रोज दहा हजार लिटर. त्या हवेत द्वारका सर्कलचा धूर, अंबड-सातपूरची धूळ, बागेत मारलेलं गंधक, फोडणीचा ठसका, बिडी, व्हायरस. तरी बहुतेक लोकांचं फुफ्फुस सत्तर-ऐंशी वर्षं चालतं. म्हणजे आत कोणीतरी सतत डागडुजी करत असणार हे उघड आहे. प्रश्न एवढाच की कोण.

स्टेम सेलला मराठी पुस्तकात मूलपेशी म्हणतात, बोलताना कोणी म्हणत नाही म्हणून मी स्टेम सेलच म्हणते. अर्थ सोपा आहे. बहुतेक पेशी एकदा कामाला लागल्या की तेच काम करत संपतात. स्टेम सेल दुभागते तेव्हा तिच्या पोटी एक तिच्यासारखीच राहू शकते आणि दुसरी कामाची पेशी होऊ शकते, त्यामुळे बियाणं पण शिल्लक राहतं आणि पीक पण येतं. लोकांच्या डोक्यात चित्र असं असतं की शरीरात कुठेतरी अशा पेशींचं गोडाऊन आहे आणि लागेल तसा माल तिथून निघतो. रक्ताच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे, हाडातल्या मज्जेत रक्ताच्या स्टेम सेल असतात, म्हणून तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट जमतं. पण फुफ्फुसाला गोडाऊन नाही. तिथली पद्धत द्राक्षाच्या वेलीसारखी आहे, आणि मामांना हेच सांगायला गेले तर त्यांनीच मला चार गोष्टी शिकवल्या.

बघा, काडीवर प्रत्येक पेरापाशी डोळा असतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवीन काडी येते, तिच्या डोळ्यांत आतल्या आत घड तयार होतात, पण बाहेरून काही दिसत नाही, डोळा गप्प झोपलेला. ऑक्टोबरात छाटलं की तो जागा होतो. म्हणजे नवीन फुटवा दुसरीकडून आणून चिकटवावा लागत नाही, त्याच काडीवर असतो, फक्त त्याला उठायचं कारण लागतं.

फुफ्फुसात असे डोळे दोन प्रकारचे, कारण फुफ्फुसाचे भागच दोन. एक नळ्यांचा, म्हणजे श्वासनळी आणि तिच्या फांद्या, आणि दुसरा टोकाच्या वायुकोशांचा. दोन्हीकडचं काम वेगळं, म्हणून कामगारही वेगळे.

आधी नळ्या. श्वासनळीचं अस्तर स्लाइडवर फार देखणं दिसतं, मला स्वतःला सगळ्यात आवडणारं दृश्य आहे ते. उंच उंच पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या, त्यांच्या डोक्यावर बारीक केस. जिवंतपणी हे केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि वरचा चिकट कफ घशाकडे ढकलत राहतात, धूळ त्याच्यात अडकून वर येते आणि आपण नकळत गिळून टाकतो. मधे मधे कफ बनवणाऱ्या पेशी असतात. आणि ह्या सगळ्यांच्या पायाशी, खालच्या पट्टीला घट्ट धरून बसलेल्या बुटक्या गोल पेशी, ज्यांचा हवेशी संबंधच येत नाही. ह्यांना बेसल सेल म्हणतात. घरात सासूबाई माजघरात बसून सगळं चालवतात आणि पाहुण्यांना दिसतही नाहीत, तसं. त्याच ह्या भागातल्या स्टेम सेल. जोराचा फ्लू झाला की वरच्या उंच पेशी सोलून निघतात, अशा वेळी खालच्या बेसल सेल आधी आडव्या पसरून उघडी जागा झाकतात, मग दुभागतात, मग त्यांच्यातल्या काही केसवाल्या होतात आणि काही कफवाल्या. कोण काय होणार हे शेजारणीशी अंगाला अंग लागूनच ठरतं, त्या बोलण्याच्या यंत्रणेला नॉच म्हणतात. शेजारीण नॉचचा इशारा देते तेव्हा तुम्ही कफवाल्या, नाही दिला तर केसवाल्या. फ्लूनंतर ताप गेला तरी दोन-तीन आठवडे कोरडा खोकला राहतो ना, त्याच्या मागे हे आत चाललेलं प्लास्टर पण असतं.

इथे एक गंमत आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या श्वासनळीतल्या बेसल सेलच मुद्दाम मारून टाकल्या, बघू आता काय होतं म्हणून. तर वरच्या कामाच्या पेशी उलट्या पावली मागे गेल्या आणि त्यातल्या काही चक्क बेसल सेल झाल्या, पुढे दुरुस्ती पण करायला लागल्या. म्हणजे स्टेम सेल ही जात नाहीच, तो एक हुद्दा आहे, खुर्ची रिकामी झाली तर शेजारचा येऊन बसतो. मला ही फुफ्फुसाच्या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. (ह्या कामाच्या पेशींपैकी एका प्रकाराला आधी क्लारा सेल म्हणायचे, माक्स क्लारा नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावावरून. तो नाझी पक्षाचा होता आणि त्याने मृत्युदंड दिलेल्या कैद्यांच्या शरीरातले नमुने वापरले होते, म्हणून आता ते नाव काढून क्लब सेल म्हणतात. आमच्या जुन्या पुस्तकात अजून क्लाराच आहे.)

आता वायुकोश. इथे दोन प्रकारच्या पेशी मुख्य. पहिला प्रकार, टाइप वन, चपट्या, पापडासारख्या लाटलेल्या, वायुकोशाच्या भिंतीचा ९५ टक्के भाग ह्यांनीच व्यापलेला. ऑक्सिजन ह्यांच्यातूनच रक्तात जातो. स्लाइडवर ह्या दिसतच नाहीत जवळपास, नुसती रेघ, मधे कुठेतरी केंद्रकाचा जांभळा फुगवटा. इतक्या पातळ लाटलेल्या पेशीला परत दुभागणं अवघड जातं, जखम पण तिलाच लवकर होते. दुसरा प्रकार, टाइप टू. ह्या गोलसर, कोपऱ्यात बसलेल्या, अंगात फेसाळ थेंब भरलेले. वायुकोशाच्या दोन भिंती मिळतात त्या कोनात बघितलं की हमखास एखादी सापडते. मी मामांना फोनवर काढलेला स्लाइडचा फोटो दाखवला, ती रेघ आणि कोपऱ्यातला फुगवटा, ते चष्मा वर करून म्हणाले, "हा तर पेरावरचा डोळाच की." मी सांगायच्या आधीच.

टाइप टूची रोजची नोकरी वेगळीच आहे. ती सरफॅक्टंट बनवते, म्हणजे साबणाच्या गुणाचा एक स्निग्ध पदार्थ. वायुकोश आतून ओला असतो आणि ओल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कशा एकमेकींना चिकटून बसतात, तसा तो श्वास सोडल्यावर मिटून चिकटला असता. सरफॅक्टंट ते होऊ देत नाही. आठव्या महिन्याच्या आत जन्मलेल्या बाळाला एनआयसीयूत ठेवतात तेव्हा बऱ्याचदा अडचण हीच असते, टाइप टू पेशी अजून तयारीच्या नसतात. मेरी एलन ॲव्हरी ह्या डॉक्टरबाईंनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की ही बाळं सरफॅक्टंट कमी पडल्यामुळे दगावतात, तोपर्यंत कोणाला नीट माहीत नव्हतं. आज नळीतून थेट सरफॅक्टंट देतात, आणि बाळंतपण लवकर होणार असं दिसलं तर आईला आधीच स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात म्हणजे बाळाच्या पेशी लवकर कामाला लागतात.

तर ही साबण बनवणारी बाईच वायुकोशाची स्टेम सेल आहे. ड्युटी पण करते आणि वेळ आली की दुभागून टाइप वन पण तयार करते. ह्याचा पहिला चांगला पुरावा १९७४ चा, आणि तो मिळाला कसा तर उंदरांना जास्तीचा ऑक्सिजन देऊन. ऑक्सिजन खूप जास्त प्रमाणात बराच वेळ दिला तर तोच फुफ्फुसाला भाजतो, टाइप वन मरतात, आणि बघितलं तर दुभागत होत्या त्या टाइप टू, पुढे त्यांच्यापासूनच टाइप वन झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये आपण नाशिककरांनी ऑक्सिजनसाठी काय काय केलं ते आठवलं की हे वाचताना कसंतरी होतं, पण खरं आहे ते, म्हणून तर आयसीयूत ऑक्सिजन मोजून देतात. पुढे २०१३ मध्ये उंदराच्या टाइप टू पेशींना कायमचा रंग लावून तो रंग पुढच्या पिढीत कुठे जातो हे बघितलं गेलं. बागेत एखाद्या काडीला रिबन बांधून ठेवावी आणि माल आल्यावर बघावं की हा घड नेमका कुठल्या काडीचा, तसंच. रंग टाइप वन मध्ये सापडला. शिवाय एकेक टाइप टू पेशी जेलमध्ये वाढवली तर तिच्यापासून पोकळ गोळा तयार झाला, मिनी वायुकोश म्हणा हवं तर. कोविडच्या काळात अशा गोळ्यांवरच व्हायरस सोडून प्रयोग केले गेले.

मग एवढं सगळं आहे तर मामा धापा का टाकतात?

पहिली गोष्ट म्हणजे फुफ्फुस आळशी आहे. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, कातडी महिन्याभरात. उंदराच्या श्वासनळीतल्या केसवाल्या पेशी निम्म्या बदलायला सहा महिने लागतात, आतल्या बारीक नळ्यांमध्ये तर सतरा महिने, आणि उंदीर जगतोच मुळी दोन-तीन वर्षं. शांत असताना फुफ्फुस फारसं काही बदलत नाही, ते जखमेची वाट बघतं. जखम झाली की भोवतीच्या पेशी हाका मारतात. वायुकोशात फिरणारे मॅक्रोफेज नावाचे सफाई कामगार एक रसायन सोडतात, ते टाइप टूला उठवतं. शेजारी फायब्रोब्लास्ट, म्हणजे आधाराचे तंतू विणणारी पेशी, बसलेली असते, ती विंट नावाचा इशारा देत राहते, तो मिळतोय तोवर टाइप टू स्टेम सेलच राहते आणि त्याच्या टप्प्याबाहेर गेली की टाइप वन व्हायला लागते. म्हणजे डोळा एकटा काही ठरवत नाही, त्याची अख्खी आळी ठरवते.

श्वासाचा ताण पण लागतो. उंदराचं एक फुफ्फुस काढलं तर दुसरं वाढून ती जागा भरायला लागतं, पण त्या रिकाम्या जागेत काहीतरी भरून ठेवलं आणि ताण येऊच दिला नाही तर वाढ होत नाही. माणसातही असं एक उदाहरण आहे, १९९५ मध्ये एका ३३ वर्षांच्या बाईचं उजवं फुफ्फुस कॅन्सरमुळे काढलं होतं आणि पंधरा वर्षांनी तपासलं तर उरलेल्या फुफ्फुसात नवीन वायुकोश तयार झाल्याच्या खुणा मिळाल्या. २०१२ मध्ये ते छापून आलं. त्या बाई नियमित व्यायाम करायच्या. एकाच व्यक्तीची गोष्ट आहे, तिच्यावरून मोठे दावे करू नयेत, पण मोठ्या माणसाचं फुफ्फुस अजिबात वाढत नाही हे जुनं मत तिने मोडलं एवढं नक्की.

मामा म्हणाले, आम्ही पेस्ट लावतो तसंच झालं. छाटणीनंतर काडीच्या शेंड्याकडच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, नाहीतर आपल्याकडच्या हवेत डोळे मागेपुढे फुटतात, कुठे घड मोठा कुठे लहान, मग पुढे सगळ्या कामांची बोंब. आता पेस्ट लावूनही कधी कधी डोळा फुगतो, पोंग्यापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो, पान काही उघडत नाही.

फुफ्फुसाच्या मोठ्या आजारांपैकी एकाची गोष्ट नेमकी हीच आहे, आणि हे कळलं अगदी अलीकडे. टाइप टूपासून टाइप वन एका उडीत होत नाही, मधे एक पायरी लागते. त्या पायरीवर पेशी ना धड साबण बनवते ना धड चपटी झालेली असते, ताणात असते, आणि आपल्या आजूबाजूला दुरुस्तीचे निरोप सोडत असते. साधी जखम असेल तर ती थोड्या दिवसांत पुढे सरकते. पण इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस म्हणून जो आजार आहे, ज्यात फुफ्फुस कडक दोडक्याच्या जाळीसारखं होत जातं, त्या पेशंटच्या फुफ्फुसात अशा मधेच अडकलेल्या विचित्र पेशी सापडल्या, २०२० च्या सुमारास वेगवेगळ्या लॅबनी हे मांडलं. ती पुढे जात नाही आणि मरतही नाही, निरोप मात्र सोडत राहते, ते ऐकून फायब्रोब्लास्ट तंतू विणत बसतात. घरात एक प्लंबिंगचं काम अर्धवट सोडून माणूस गायब होतो आणि मग रोज कोणीतरी येऊन सिमेंट टाकून जातो, तसं. काही घराण्यांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या येतो, त्यातल्या काहींत दोष टेलोमेअर सांभाळणाऱ्या जीन्समध्ये सापडलाय, म्हणजे गुणसूत्राच्या टोकावरची टोपी लवकर झिजते आणि टाइप टू पेशी वयाच्या आधी म्हातारी होते. इथे बियाणं संपलंय असं म्हणण्यापेक्षा बियाणं अर्धवट उगवून कुजतंय असं म्हणणं जास्त बरोबर.

अजून एक बिघाड असतो, फार मोठ्या जखमेनंतरचा. उंदरांना कडक फ्लू दिला, इतका की काही भागातल्या टाइप टू पण मेल्या, तर नळ्यांकडून बेसल सेलसारख्या पेशी धावत वायुकोशात आल्या आणि भोक बुजवलं. पण त्या वायुकोशाच्या पेशी झाल्या नाहीत, जाड थराच्या गाठी करून तशाच बसल्या. गारपीट झाली की आपण फाटलेल्या शेडवर ताडपत्री टाकतो, पाणी गळायचं थांबतं पण आत उजेड काही येत नाही. जीव वाचवायला ताडपत्री लागतेच, फक्त तिच्यातून ऑक्सिजन जात नाही.

आता मामांचा आजार, एम्फिसीमा, हा आणखी वेगळा. इथे मला सांगताना जड गेलं, कारण वर एवढं डोळे फुटतात म्हणून सांगून झालं होतं. बिडीच्या धुराने वर्षानुवर्षं जळजळ चालू राहिली, त्यात येणाऱ्या पांढऱ्या पेशी जे एन्झाइम सोडतात ते वायुकोशाच्या भिंतींमधलं इलॅस्टिन नावाचं रबर खाऊन टाकतात. हे इलॅस्टिन मुख्यतः लहानपणी विणलं जातं आणि पुढे आयुष्यभर तेच वापरायचं असतं, मोठेपणी शरीर ते धडपणे परत विणू शकत नाही. भिंती गेल्या की दहा लहान वायुकोशांचा एक मोठा ढिला फुगा होतो. म्हणून मी मामांना म्हटलं, तुमचा प्रश्न डोळ्यांचा कमी आणि मांडवाचा जास्त आहे. अँगल वाकले, तारा तुटल्या, आता फुटवा आला तरी चढणार कशावर? त्यांना हे लगेच कळलं, कारण वादळात त्यांचा एक प्लॉट असा आडवा झालेला आहे. बराच वेळ गप्प बसले.

मग मी त्यांना बिडी सोडल्याचा हिशोब सांगितला, कारण तो खरंच चांगला आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी सोळा जणांच्या श्वसननलिकेतल्या पेशी घेतल्या, त्यात कधीच न ओढलेले, चालू असलेले आणि सोडलेले असे सगळे होते, काही मुलं पण. एकेक पेशी वेगळी वाढवून तिच्या डीएनएत किती बिघाड आहेत ते मोजलं. चालू असलेल्यांच्या बहुतेक पेशींत तंबाखूच्या हजारो खुणा. पण सोडलेल्यांमध्ये २० ते ४० टक्के पेशी जवळपास कधीच न ओढणाऱ्यासारख्या स्वच्छ निघाल्या, चालू असलेल्यांपेक्षा चौपट. ज्या खराब झाल्या त्या सुधारल्या असं नाही, त्यांच्यातला बिघाड जात नसतो. कुठेतरी कोपऱ्यात धुरापासून वाचलेल्या थोड्या बेसल सेल असाव्यात आणि बिडी बंद झाल्यावर त्यांची भरभराट होऊन त्यांनी जागा घेतली असावी असा अंदाज आहे. हे नळ्यांच्या अस्तराबद्दल आहे, पडलेल्या वायुकोशांबद्दल नाही. पण फुफ्फुसाचा कॅन्सर बऱ्याचदा त्या अस्तरातूनच सुरू होतो, त्यामुळे मामांनी सहा वर्षांपूर्वी जे केलं ते फुकट गेलेलं नाही. मामी मागून म्हणाल्या, "मी वीस वर्षं सांगत होते." त्यांच्या स्वतःच्या छातीत चुलीचा धूर किती गेलाय हे कोणी मोजलेलं नाही, आणि आपल्याकडे बिडी-सिगरेटला हातही न लावलेल्या कितीतरी बायकांना सीओपीडी होतो तो ह्याच धुराने. मी त्यांना पण फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या म्हटलं, त्या पदर खोचून चहा ठेवायला निघून गेल्या.

आणि ते इंजेक्शन. अशा क्लिनिकमध्ये साधारणपणे पोटाच्या चरबीतून, मज्जेतून किंवा नाळेतून काढलेल्या मेसेनकायमल नावाच्या पेशी शिरेतून सोडतात. पहिलं म्हणजे ह्या पेशी टाइप टू नाहीत आणि फुफ्फुसात गेल्या म्हणून टाइप वन होत नाहीत. शिरेतून सोडल्यावर त्या फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात हे खरं, आणि जाहिरातीत ह्याचंच भांडवल केलेलं असतं, की बघा थेट फुफ्फुसात जातात. जातात, आणि बहुतेक थोड्या दिवसांत मरून जातात. सूज कमी करणारी काही रसायनं सोडतात म्हणून त्यांच्यावर संशोधन चालू आहे, ते प्रामाणिक संशोधन आहे. सीओपीडीच्या ६२ पेशंटवर अमेरिकेत नीट ट्रायल झाली, २०१३ मध्ये छापून आली. त्रास काही झाला नाही, पण फुंकण्याच्या टेस्टमध्ये फायदाही दिसला नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ च्या गाइडलाइन्स स्पष्ट आहेत की रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांतलं मज्जारोपण सोडलं तर स्टेम सेल हा नेहमीचा उपचार म्हणून द्यायचा नाही, मंजूर ट्रायलमध्येच द्यायचा. आणि खरी ट्रायल असेल तर तिची सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंद असते, आणि पेशंटकडून साडेतीन लाख मागत नाहीत.

ह्या क्षेत्रात मोठ्या नावांनी पण माती खाल्लीये. २०११ मध्ये एका नामांकित अमेरिकन जर्नलमध्ये बातमी आली की माणसाच्या फुफ्फुसाची एक अशी स्टेम सेल सापडली जी सगळंच बनवते, नळ्या, वायुकोश, रक्तवाहिन्या सुद्धा. जगभर गाजलं. २०१८ मध्ये तो पेपर मागे घ्यावा लागला, त्या गटाचे तीसएक पेपर मागे घ्या असं हार्वर्डनेच सांगितलं होतं. सगळं बनवणारी एकच जादूची पेशी ही गोष्ट ऐकायला इतकी गोड आहे की चांगले चांगले फसतात, मग मामांचं काय घेऊन बसलात.

मी त्यांना म्हटलं, ह्यातले पाच हजार सुद्धा त्या क्लिनिकला देऊ नका. इनहेलर ओढायची पद्धत एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवा, कारण तुम्ही दाबता आधी आणि ओढता नंतर, अर्धं औषध जिभेवर जातं. फ्लूची लस दरवर्षी. गंधकाची धुरळणी असेल त्या दिवशी बागेत यायचं नाही. आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं चालणं रोज, ओठ आवळून श्वास सोडत. मांडव उभा नाही राहणार ह्याने, पण उरलेल्या तारा टिकतील.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, व्हिडिओ काही डिलीट केला नाही, पण मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, "ते पोंग्यात अडकतं म्हणालीस ना, फायब्रोसिसवाल्यांचं. त्याला लावायची पेस्ट कुठली?"

मी म्हटलं, मामा, तीच शोधतायत सगळे.

"सापडली तर सांग," म्हणाले, आणि खाटेच्या कडेला हात टेकून उठले. मजूर सहाव्या ओळीत पोचले होते आणि एकाने काडी फार वर छाटली होती. ओठ आवळून हळूहळू श्वास सोडत, दर वीस पावलांना थांबत ते तिकडे निघाले, आणि पोचायच्या आधीच लांबून ओरडायला लागले.